माळवदाखालून चावडीवर : लोहारा परिसरातील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’

आपल्या भागातले जुने घर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या संस्थेचा इतिहास सांगता येत नाही. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडाचे खण आणि वर माळवद. दर पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, गळती बुजवायची. आजोबांच्या थरावर वडिलांचा थर, त्याच्यावर मुलाचा. खाली उन्हाळ्यात गारवा असायचा, हिवाळ्यात ऊब. उजेड यायचा तो सवण्यातून, आणि चुलीचा धूर जायचा तोही त्याच भोकातून. पुढे ढेळज, तिथे पुरुषमाणसांची बैठक. बाईचा वावर आतल्या खणांत. चावडी तर तिच्यासाठी परगावाइतकी लांब.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटे होती. त्या काही सेकंदांत काय झाले ते सास्तूर, होळी, राजेगावच्या माणसांना कोणी नव्याने सांगायला नको, आणि स्मरणिकेच्या पानांवर ते पुन्हा रंगवावे अशी आमची इच्छाही नाही. एवढेच नोंदवतो : लातूर-उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक भूकंपाने नव्हे, घराने मारली. भिंतीचा बाहेरचा दगड आणि आतला दगड यांना बांधून ठेवणारा आडवा दगडच नव्हता. मधे नुसती माती आणि खडी. हादरा बसताच भिंत दोन्ही अंगांना फुटली आणि पिढ्यापिढ्यांच्या मातीचा भार खाली आला. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खण मात्र तसेच उभे होते. पुढच्या सगळ्या कामाची मेख या उभ्या खणांत होती. ती त्या दिवशी कोणाच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

तेव्हा लोहारा तालुका नव्हता. सास्तूर उमरगा तालुक्यात मोडायचे. एरवी या भागाचे नाव बाहेर घेतले जाई ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेमुळे, स्वामी रामानंद तीर्थांमुळे. भूकंपानंतर ते जगाच्या नकाशावर वेगळ्याच कारणाने गेले. गाड्या आल्या, तंबू आले, ब्लँकेटे आली. जुन्या साड्यांचे तर डोंगर आले. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही. पण रांगेत उभे राहून कोणाची तरी उतरलेली साडी घ्यायची वेळ आलेल्या बाईला काय वाटले असेल, हे त्या वेळच्या अहवालांत फारसे सापडत नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण बसलेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, काही गावे होती तिथेच नव्याने बांधायची आणि बाकीच्या गावांत तडे गेलेली, कलंडलेली घरे दुरुस्त करून मजबूत करायची. वर्तमानपत्रांत गाजली ती पहिली ५२ गावे. तिथे ठेकेदार होते, दत्तक घेणाऱ्या संस्था होत्या, कोनशिला होत्या. तिसऱ्या प्रकारातल्या घरांची संख्या मात्र दोन लाखांच्या घरात होती, आणि तिथे ठेकेदार नव्हता. मालकाने स्वतः काम करून घ्यायचे, अभियंत्याने पाहायचे, मग पुढचा हप्ता.

हे कागदावर सोपे होते. गावात कोणाचा विश्वासच बसेना. ज्या घराने शेजारची माणसे गाडली त्याच घराला चार लोखंडी सळया घालून ‘आता यात निजा’ म्हणणारा साहेब खुळाच वाटणार. शिवाय तिकडे त्या गावांना नवीकोरी घरे, मग आम्हालाच डागडुजी का? लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, हप्ता आला तर तो लग्नात किंवा बियाण्यात जात होता, आणि अभियंता मोटारसायकलवरून येऊन ज्याच्याशी बोलायचा तो घरधनी दिवसभर रानात किंवा हॉटेलावर असायचा. घरात जी होती तिच्याशी कोणी बोलतच नव्हते.

इथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या कहाणीत येते.

संस्थेचे मूळ मुंबईत आहे. १९८४ मध्ये शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केले. त्या बायकांनी आपल्याला कसे घर हवे ते स्वतः ठरवले, साडीच्या लांबीने मापे घेतली, नमुन्याची घरे उभी करून दाखवली. ज्यांना उभ्या आयुष्यात पक्के घर मिळाले नव्हते त्यांनी घराचा आराखडा सांगावा, ही गोष्ट त्या काळच्या जाणकारांना चमत्कारिक वाटली असणार. याच वातावरणात १९८९ च्या सुमाराला ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ सुरू झाला. नाव जरा शाळेच्या वहीवरचे वाटते. अर्थ सरळ आहे : एका गावच्या बाईने दुसऱ्या गावच्या बाईकडून शिकायचे, मधे मास्तर नको. भूकंपानंतर ही मंडळी इकडे आली आणि १९९४ पासून सरकारने दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात लोकसहभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे १,२०० गावे.

एवढ्या गावांत माणसे आणायची कुठून? उत्तर जुनेच सापडले. जवळजवळ प्रत्येक गावात एक महिला मंडळ होते. म्हणजे कागदावर होते. सामूहिक विकास योजनेच्या काळापासून अशी मंडळे नोंदवली गेली होती. कुठे एखादे शिलाई मशीन, कुठे अध्यक्षबाई म्हणून पाटलांच्या सूनबाई आणि वर्षातून एकदा हळदीकुंकू. या निजलेल्या मंडळांना उठवायचे आणि त्यांतूनच ‘संवाद सहायक’ निवडायच्या, असे ठरले. सरकारी भाषेतला हा शब्द बायकांनी इतका आपलासा केला की पुढे कार्यक्रम संपला तरी गावात ओळख राहिली ती त्याच नावाने.

संवाद सहायकाने करायचे काय? घरोघर जायचे. कुठला तडा वरवरचा आणि कुठला धोक्याचा ते दाखवायचे. माळवदावरची माती उतरवायला घरच्यांना राजी करायचे, आणि हे काम सगळ्यांत अवघड, कारण माळवद म्हणजे घराण्याची सावली. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड बसवले का, कोपरे बांधले का, खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरपे आधार दिले का, दारा-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा सलग फिरला का, हे पाहायचे. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवायचा. गवंड्याने वाळू जास्त ओतली तर त्याला थांबवायचे. तो थांबणार नाही, हे पहिल्या दिवशी गृहीत धरायचे. दुसऱ्या दिवशी पाच जणींनी मिळून जायचे.

‘बाईला बांधकामातले काय कळते?’ हा प्रश्न तेव्हा सर्रास ऐकू येई. विचारणाऱ्याच्या घरातली भिंत दर सणाला कोण सारवत होते, पोपडा कुठे सुटतो आणि ओल कुठे धरते हे कोणाच्या हाताला ठाऊक होते, याचा त्याला विसर पडलेला असायचा. बायकांना अभियांत्रिकी येत नव्हती. पण कोणत्या खणात बळद आहे, पिठाचा डबा कुठे राहतो, म्हातारी रात्री कुठल्या दाराने बाहेर जाते, पोरे कुठे निजतात हे त्यांनाच माहीत होते, आणि घर मजबूत करायचे म्हणजे निजणाऱ्याच्या डोक्यावर काय आहे इथून सुरुवात करायची असते. आमच्या मते या संस्थेला सापडलेले मोठे भांडवल हेच. बायकांना नवे ज्ञान दिले, असे अहवाल सांगतात. ते अर्धेच खरे आहे. त्यांच्याजवळ होते ते चारचौघांत बोलायला जागा मिळाली, हे अर्धे त्यात राहून जाते.

इथे जरा आडवाटेला जातो. वसईच्या मराठी कॅथलिक समाजात ‘प्रापंचिक’ असा एक शब्द रोजच्या वापरात आहे. धर्मगुरू नाही, व्रतस्थ भगिनी नाही, ती व्यक्ती प्रापंचिक. २०२० च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या निमित्ताने इकडच्या वाचकांना त्या समाजाच्या मराठीची थोडी ओळख झाली. तर अशा प्रापंचिक कॅथलिक स्त्रियांनी देशोदेशी आपल्या राष्ट्रीय संघटना बांधल्या आहेत. इंग्लंडमध्ये मार्गारेट फ्लेचर यांनी १९०६ मध्ये अशी संघटना काढली, आणि १९१० मध्ये ब्रसेल्सला देशोदेशीच्या संघटनांचा जागतिक संघ झाला. त्यांची शिडी आयती होती : गावचे चर्च, मग धर्मप्रांत, मग देश. तरी गंमत पाहा. १९६४ मध्ये व्हॅटिकनच्या महापरिषदेला इतिहासात पहिल्यांदा काही स्त्रियांना बोलावले, ते ‘श्रोत्या’ म्हणून. जागतिक संघाच्या अध्यक्ष पिलार बेलोसिल्यो त्यांत होत्या. मुख्य सभेत ऐकायचे, बोलायचे नाही.

आपल्या ग्रामसभेतली बाई आठवली की नाही? कोपऱ्यात, पदर पुढे ओढून, सही करण्यापुरती.

आपल्याकडे शिडी नव्हती. देऊळ होते, पण देवळाच्या नावाने बायकांची तालुकावार संघटना होत नाही; भजनी मंडळ होते, त्याचा विणेकरी पुरुष. जात होती, आणि ती बायकांना एकत्र आणण्यापेक्षा वेगळ्या विहिरीवर पाठवणारी. मग आपल्याकडच्या प्रापंचिक बायका एकत्र आल्या कशावर? पडक्या भिंतीवर. भिंत सगळ्यांची पडली होती. गावठाणातल्या आणि वस्तीवरच्या बायका एकाच बैठकीत बसल्या त्या आधी सिमेंटच्या हिशेबासाठी. समतेचा ठराव करून कोणी बसले नव्हते, आणि ज्या गावांत हिशेब संपल्यावर पुन्हा वेगवेगळ्या बसल्या त्या गावांबद्दलही लपवण्यासारखे काही नाही.

काळही जुळून आला. ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली ती २४ एप्रिल १९९३ ला, म्हणजे भूकंपाच्या पाच महिने आधी. ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. राज्याचे पहिले महिला धोरण १९९४ चे. कायद्याने खुर्ची दिली तेव्हा आपल्या भागात अशा बायका तयार होत होत्या, ज्यांनी तहसील कचेरीत जाऊन अडलेला हप्ता विचारला होता आणि कनिष्ठ अभियंत्याला भिंतीपाशी आणून उभे केले होते. खुर्चीत बसायला त्यांना वेगळे शिबिर लागले नाही. अर्थात त्यांच्याही मागे ‘सरपंचपती’ उभे होतेच. तो प्राणी भूकंपानेही हलत नाही.

दुरुस्तीचा कार्यक्रम नव्वदच्या दशकाअखेर संपत आला. अशा वेळी संस्था बहुधा फलक काढून निघून जातात. १९९८ मध्ये ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ स्वतंत्र संस्था झाली आणि प्रेमा गोपालन यांनी मुक्काम इकडेच ठेवला. मंडळांचे बचत गट झाले. या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे खूप असले तरी ते महाराष्ट्रात सगळीकडे थोड्याफार फरकाने तसेच घडले आहे : महिन्याला ठरावीक रक्कम, पेटी, पासबुक, अंतर्गत कर्ज, बँकेच्या मॅनेजरचे आधी टाळणे आणि मग स्वतःहून बोलावणे. वेगळे होते ते एवढेच की इथल्या गटांना पैशाआधी कामाची सवय लागली होती. अंगणवाडीत पोषण आहार येतो का, नळाला पाणी किती दिवसांनी, नर्सबाई गावात राहतात का, याची विचारपूस त्या करत राहिल्या.

२००० नंतरचा भाग आम्हाला सगळ्यांत आवडतो. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले. तिकडे पोचलेल्यांत लातूर-उस्मानाबादच्या बायका होत्या. गुजराती येत नव्हते. हिंदी तोडकीमोडकी. पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईजवळ जाऊन बसायला कोणती भाषा लागते? ‘आमचेही असेच झाले होते’ हे सांगून झाल्यावर त्या कामाचे बोलू लागल्या : यादीत नाव नीट लिहून घ्या, पाहणीला आलेल्या साहेबाची सही घ्या, भिंत उठते तेव्हा हजर राहा. त्याआधी १९९९ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातल्या बायकांशीही अशीच देवाणघेवाण झाली होती. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. ज्या बाईने तालुक्याच्या बाजारापलीकडचे जग पाहिले नव्हते ती पासपोर्टवर अंगठ्याऐवजी सही करून विमानात बसली, हे सांगताना आजही घरातल्यांच्या आवाजात थोडा अविश्वास असतो. दोन जिल्ह्यांत काम करणारी संस्था राष्ट्रीय झाली ती अशी, दुःखामागून चालत. दिल्लीत कार्यालय उघडून नव्हे.

या प्रवासातले एक नाव सार्वजनिक आहे म्हणून घेतो : तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे. त्यांच्या आयुष्यावर २०२१ मध्ये इंग्रजीत चित्रकथेचे पुस्तक निघाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) तालुक्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांना ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. कोंबडीपालनातून त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला आणि मग इतरजणींना उभे केले. गावोगावच्या ज्या बायकांची नावे कुठे छापली गेली नाहीत त्यांची यादी या स्मरणिकेत मावणार नाही, आणि अर्धी यादी देणे त्याहून वाईट.

मधल्या काळात धंद्याचे प्रयोग झाले. २००६ च्या आसपास एका मोठ्या तेल कंपनीबरोबर ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची शेगडी आली. ती घरोघर विकणाऱ्या बायकांना ‘ज्योती’ म्हणत. शेगडी नीट जळायची, पण तिला लागणाऱ्या इंधनाच्या कांड्या विकत घ्याव्या लागत, आणि आपल्या बाईला तुराट्या-पऱ्हाट्या फुकट मिळतात. शेगडी मागे पडली, विकायला शिकलेली बाई मात्र राहिली. सौरदिवे, किराणा, मसाले असे पुढे तिने पुष्कळ विकले. कर्जपुरवठ्यासाठी ‘सखी समुदाय कोष’ झाला. संस्थेच्या बऱ्याच उपक्रमांत ‘सखी’ हा शब्द असतो, आमच्या कानाला तो जरा शहरी वाटतो. गावात बाई बाईला ‘अक्का’ म्हणते, ‘माय’ म्हणते. असो.

मग दुष्काळ आले. २०१२ पासून एकामागून एक. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. माकणीच्या निम्न तेरणा धरणात गाळ दिसू लागला. तोपर्यंत शिवारात सोयाबीन सगळीकडे पसरले होते, पाणी असेल तिथे ऊस. सोयाबीनचे पैसे येतात, पण ते भाकरीबरोबर खाता येत नाही. ज्वारी विकत, तूरडाळ विकत, भाजी आठवडी बाजारातून. शेतात राबणारी बाई आणि तिच्याच ताटात हिरवे काही नाही, अशी अवस्था.

त्यातून ‘एक एकर’ निघाले. घरच्या जमिनीपैकी एक एकर, नाहीतर अर्धा एकर, बाईच्या निर्णयावर सोडायचा. काय पेरायचे ते ती ठरवणार : ज्वारी, तूर, मूग, उडीद, बांधाला अंबाडी, वाफ्यात मेथी, शेपू, चुका, वेलावर दोडका. खत घरचे, गांडूळखत आणि जीवामृत. फवारणीला दशपर्णी अर्क. पाणी तुषार किंवा ठिबकने. आधी घराला खायला, उरले तर बाजाराला. नवऱ्यांनी पहिल्यांदा दिला तो अर्थातच खडकाळ, कडेचा तुकडा. पाऊस रुसला त्या वर्षी सोयाबीन गेले आणि या तुकड्यातली मिसळपिके थोडीफार हाती लागली, तेव्हा घरातला वाद मिटला. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद असताना याच वाफ्यांतली भाजी गावाने खाल्ली. या कामासाठी संस्थेला २०१७ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, आणि २०१८ मध्ये प्रेमा गोपालन यांची वर्षातील सामाजिक उद्योजक म्हणून राष्ट्रीय पातळीवर निवड झाली.

मार्च २०२२ मध्ये प्रेमाताई गेल्या. त्या इथल्या नव्हत्या, मराठी त्यांची मातृभाषा नव्हती, आणि बैठकीत त्या कमी बोलत असे त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका सांगतात. एखाद्या संस्थापकाविषयी याहून मोठी तक्रार असू नये. त्यांच्या माघारी काम चालू आहे.

एक हिशेब मात्र अजून उघडा आहे, आणि तो या पानांवर यायला हवा. ऐंशीच्या दशकाअखेरीस शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला तेव्हा शरद जोशींनी थेट जमिनीची मालकी मागितली होती : नवऱ्याने बायकोच्या नावावर जमीन करावी. गावेच्या गावे पुढे आली. ‘एक एकर’ने तेवढे मागितले नाही. पेरण्याचा, कापण्याचा, विकण्याचा निर्णय मागितला. कमी मागितले म्हणून जास्त घरांत मिळाले, असे आम्हाला वाटते. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचेही होते. पण अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. वाफे बाई दाखवते, झालेले नुकसान बाई सांगते, कोणत्या ओळीत काय होते ते तिलाच पाठ असते. मग तलाठी सातबारा उघडतो, खातेदाराचे नाव विचारतो आणि बाई रानात गेलेल्या नवऱ्याला फोन लावते.